काळ्या पट्ट्याचे जनक

सायंकाळच्या वेळी अनेक शाळांच्या पटांगणांवर पांढरा सदरा व पांढरी विजार घातलेली मुलेमुली ओळीने उभी असलेली दिसतात. कोणी कराटे शिकत असते, कोणी तायक्वांदो, तर कोणी ज्यूदो. सर्वांचा वेष सारखाच. भेद असतो तो फक्त कमरेच्या पट्ट्यात. नवख्याचा पट्टा पांढरा, त्याच्या पुढच्याचा पिवळा, मग हिरवा, निळा, तांबडा किंवा तपकिरी, आणि सर्वांच्या पुढे उभ्या असलेल्या एखाद्याच्या कमरेला काळा. त्या काळ्या पट्ट्याकडे मागच्या ओळीतली मुले मोठ्या कौतुकाने पाहत असतात. तो एकदा मिळाला म्हणजे शिकणे संपले, असेही कित्येकांना वाटते. परंतु ज्या पुरुषाने ही पट्ट्याची खूण प्रथम आपल्या शिष्यांना दिली, त्याच्या मनातील तिचा अर्थ अगदी निराळा होता. तो पुरुष म्हणजे जपानचे थोर शिक्षक व ज्यूदो या विद्येचे जनक जिगोरो कानो.

जपानमध्ये कोबे शहराजवळ मिकागे नावाचे समुद्रकाठचे गाव होते. तांदळापासून मद्य तयार करण्याच्या धंद्यासाठी हा सारा प्रदेश प्रसिद्ध होता. तेथील एका सधन घराण्यात १८६० साली जिगोरोचा जन्म झाला. तो नऊ वर्षांचा असताना त्याची आई वारली. वडील सरकारी कामकाजात होते. मुलाने उत्तम विद्या संपादन करावी अशी त्यांची फार इच्छा होती, म्हणून त्यांनी त्याला राजधानी तोक्योत आणून चांगल्या शाळेत घातले.

जिगोरो अभ्यासात हुशार होता. चिनी ग्रंथ, गणित, इंग्रजी, जर्मन, जे शिकवावे ते तो चटकन आत्मसात करी. परंतु शाळेत त्याला एक मोठे दुःख होते. त्याची प्रकृती नाजूक आणि उंची बेताची होती. पुरा वाढल्यावरही तो पाच फूट दोन इंचांच्या वर गेला नाही. वसतिगृहातील दांडगी मुले त्याला ढकलीत, खाली पाडीत, त्याची टवाळी करीत. परीक्षेत पहिला येणारा हा मुलगा मोकळ्या वेळेत कोपऱ्यात अंग चोरून बसे. अभ्यासात मागे असणाऱ्यांनी केवळ अंगातील ताकदीच्या जोरावर आपल्याला छळावे, हे त्याच्या मनाला फार लागे.

जुजुत्सू नावाची एक जुनी विद्या आहे आणि तिच्या साहाय्याने लहान चणीचा माणूसही धिप्पाड माणसाला चीत करू शकतो, हे त्याच्या कानांवर आले होते. ही विद्या पूर्वी सामुराई योद्धे शिकत. ती शिकावी असे जिगोरोने मनाशी ठरविले. परंतु शिकवणार कोण? १८६८ नंतर जपानचा सारा कारभार बदलला होता. परदेशी विद्या, परदेशी पोशाख, परदेशी यंत्रे यांचे दिवस आले होते. सामुराईंचे अधिकार गेले होते. १८७६ साली तलवार बाळगण्यासही बंदी झाली. जुन्या विद्या लोकांना टाकाऊ वाटू लागल्या. वडिलांच्या ओळखीच्या ज्या गृहस्थांना जुजुत्सू येत होती, त्यांनीही या काळात तिचा काही उपयोग नाही असे सांगून त्याला वाटेला लावले. वडिलांनाही मुलाचा हा हट्ट पसंत नव्हता.

अशी काही वर्षे गेली. १८७७ साली जिगोरो तोक्यो विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा त्याने शोधाची एक नवी वाट काढली. जुजुत्सूचे पुष्कळसे उस्ताद आता पोटासाठी हाडवैद्याचा धंदा करीत होते. सांधे कसे निखळतात हे ज्याला ठाऊक, त्याला ते बसविताही येत. तेव्हा जिगोरो शहरातील हाडवैद्यांच्या पाट्या शोधीत हिंडू लागला. दुखणे काही नसताना आत शिरावयाचे आणि जुजुत्सूची चौकशी करावयाची, असा त्याचा क्रम सुरू झाला. अखेर एका वृद्ध हाडवैद्याने त्याला हाचिनोसुके फुकुदा यांचे नाव सांगितले, आणि अनेक वर्षे मनात बाळगलेली इच्छा पूर्ण होण्याची वेळ आली.

फुकुदांची तालीम लहान होती आणि शिकवण्याची रीत साधी होती. एखादा डाव कसा होतो हे जिगोरोने विचारले की गुरुजी त्याला पकडून चटईवर आपटीत. पुन्हा विचारले की पुन्हा आपटीत. डाव तोंडाने समजावून सांगण्याचा नसून अंगाने समजून घेण्याचा असतो, असा त्यांचा रोख असे. जिगोरोच्या हातापायांना सदैव खरचटलेले असे, अंगाला लेप लावलेला असे. परंतु त्याने एकही दिवस चुकविला नाही.

त्या तालमीत कानेकिची फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड गडी होता. त्याला पाडणे जिगोरोला काही केल्या जमेना. जुजुत्सूचे डाव संपले तेव्हा त्याने सुमो मल्लांचे डाव शिकून पाहिले. तेही फुकट गेले. मग विद्यार्थ्याने शोभावे असे त्याने केले. तो ग्रंथालयात गेला आणि युरोपीय कुस्तीवरील पुस्तके चाळू लागला. त्यांत प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवे उचलून टाकण्याचा एक डाव त्याला सापडला. मित्रांबरोबर त्याने तो पुष्कळ दिवस घोटला आणि एके दिवशी फुकुशिमावर चालविला. तो धिप्पाड गडी जिगोरोच्या खांद्यांवरून जमिनीवर आला! हा डाव पुढे ज्यूदोत कायमचा राहिला. खांद्यांवर फिरणाऱ्या चाकासारखा तो दिसतो, म्हणून जपानीत त्याला कातागुरुमा म्हणतात.

१८७९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट जपानच्या भेटीस आले. त्यांच्यापुढे जुजुत्सूचे जे प्रयोग झाले, त्यांत फुकुदा आणि त्यांचा हा तरुण शिष्य दोघेही होते. परंतु त्यानंतर थोड्याच दिवसांनी फुकुदा वारले. तालमीच्या परंपरेचे लिखित पट त्यांच्या कुटुंबाने जिगोरोच्या स्वाधीन केले. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यावर ही केवढी मोठी जबाबदारी! पुढे तो मासातोमो इसो या उस्तादांकडे गेला. तेही १८८१ मध्ये निवर्तले. मग त्सुनेतोशी ईकुबो या तिसऱ्या गुरूंकडे त्याचे शिक्षण सुरू झाले.

ईकुबो हे माणसाला उचलून फेकण्याच्या कलेत निष्णात होते. त्यांच्या हातून जिगोरो रोज पडे. तथापि पडता पडता तो विचार करी. माणूस नेमका केव्हा पडतो? त्याने पाहिले की दोन्ही पायांवर नीट तोललेला माणूस मोठ्या ताकदीलाही दाद देत नाही. परंतु त्याचा तोल किंचित ढळला की तो अल्प बळानेही पडतो. समोरच्याने ढकलले तर ओढून घ्यावे, ओढले तर पुढे जावे, त्याचेच बळ त्याच्या तोलावर उलटवावे, आणि तोल ढळल्यावरच डाव टाकावा. एके दिवशी या तत्त्वाने त्याने खुद्द गुरुजींनाच वारंवार पाडले. ईकुबो चकित झाले. जिगोरोने आपला विचार त्यांना सांगितला, तेव्हा आता शिष्याला देण्यासारखे आपल्याजवळ काही उरले नाही, हे त्या थोर मनाच्या गुरूने मोकळेपणाने मान्य केले.

१८८१ साली कानो विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी शिक्षकाच्या व्यवसायात शिरले. त्याच वर्षी, म्हणजे १८८२ साली, तोक्योतील एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरातील एका खोलीत त्यांनी स्वतःची तालीम उघडली. खोलीत गवताच्या बारा चटया मावत. म्हणजे जागा सुमारे वीस चौरस मीटर. पहिल्या वर्षी शिष्य मिळाले नऊ. या तालमीला त्यांनी कोदोकान, म्हणजे मार्गाचा अभ्यास करण्याचे सदन, असे नाव दिले. जुजुत्सूऐवजी आपल्या विद्येलाही त्यांनी ज्यूदो म्हटले. ‘ज्यू’ म्हणजे लवचीकपणा आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. नुसते डावपेच शिकविण्याचा त्यांचा विचार नव्हता. माणसाने कसे वागावे याचा मार्ग त्यांना दाखवावयाचा होता. म्हणून ज्या डावांनी सोबत्याला गंभीर इजा होईल, ते त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले, आणि इजा न होता पडावे कसे हे प्रत्येकास प्रथम शिकविले.

तालमीचे ते दिवस हालअपेष्टांचे होते. शिष्य धडाधड पडू लागले की मंदिरातील पूर्वजांच्या नावाच्या पाट्या आपल्या जागेवरून खाली येत. जमिनीच्या फळ्या मोडत. मंदिराचे पुरोहित तक्रार करू लागले, तेव्हा दिवसा विद्यार्थ्यांना शिकविणारे कानो गुरुजी रात्री दिवा घेऊन फळ्यांखाली सरपटत जात आणि टेकू लावून त्या नीट करीत. शिष्यांजवळ पैसा नसे. म्हणून तालमीचा खर्च भागविण्यासाठी ते रात्री उशिरापर्यंत जागून भाषांतराचे काम करीत.

याच काळात कानोंनी ती गोष्ट केली, जिच्यामुळे आज जगभर मुलांच्या कमरेला रंगीत पट्टे दिसतात.

जुन्या जुजुत्सूच्या घराण्यांत शिष्याची प्रगती गुरूने दिलेल्या लिखित पटांवरून ठरे. पहिला पट मिळाल्यावर दुसरा मिळेपर्यंत पुष्कळ वर्षे जात, आणि अशा पायऱ्याही मोजक्याच असत. त्या दोन पटांच्या दरम्यान आपण पुढे जात आहोत की जागच्या जागी आहोत, हे शिष्याला उमगत नसे. कित्येकजण कंटाळून विद्या सोडून जात. कानो हे हाडाचे शिक्षक होते. मुलाला डोंगराचे शिखरच तेवढे दाखविले तर ते वाटेतच थकून बसते, पण पुढची पायरी दाखविली तर ते चढत राहते, हे त्यांनी ओळखले होते. जपानमध्ये ‘गो’ नावाचा सोंगट्यांचा एक बैठा खेळ आहे. त्या खेळातील खेळाडूंच्या श्रेणी ठरविण्याची जुनी रीत होती. ती कानोंनी आपल्या तालमीत आणली. शिकाऊ विद्यार्थ्यांच्या श्रेणींना ‘क्यू’ म्हणत आणि त्यांच्या वरच्या श्रेणींना ‘दान’. या जपानी शब्दाचा आपल्या दान शब्दाशी काही संबंध नाही; त्याचा अर्थ पायरी असा आहे.

१८८३ साली कानोंनी आपल्या दोन शिष्यांना पहिले दान दिले. एकाचे नाव त्सुनेजिरो तोमिता आणि दुसऱ्याचे शिरो साईगो. साईगो हा गुरूप्रमाणेच लहान चणीचा होता. परंतु त्या वेळी या दोघांच्या वेषात आणि इतरांच्या वेषात काहीच फरक नव्हता. पुढे १८८६ च्या सुमारास दान मिळालेले शिष्य काळा पट्टा बांधू लागले. बाकीच्यांचा पट्टा पांढराच राहिला. आता तालमीत पाऊल टाकताच कोण नवखा आणि कोण जाणता हे एका दृष्टिक्षेपात कळू लागले. काळ्या पट्ट्याचा शिष्य पांढऱ्या पट्ट्याच्या सोबत्याशी सराव करीत असेल, तर त्याला सांभाळून पाडण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, याविषयी शंकेला जागा उरली नाही.

काळ्या पट्ट्याविषयी एक गोष्ट अनेक ठिकाणी सांगितली जाते. शिष्य आपला पट्टा कधी धूत नसे, म्हणून वर्षानुवर्षांच्या घामाने व धुळीने तो पांढऱ्याचा काळा होई, अशी ती गोष्ट आहे. ती ऐकावयास गोड वाटते. परंतु खरी नाही. काळा पट्टा काळ्याच कापडाचा होता, आणि तो कष्टाने मिळवावा लागे.

या पहिल्या श्रेणीचे जपानी नाव मोठे अर्थपूर्ण आहे. तिला ‘शोदान’ म्हणतात. ‘शो’ म्हणजे आरंभ. शोदान म्हणजे आरंभाची पायरी. जो पट्टा मिळाला की सारे मिळाले असे लोकांना वाटते, त्याचे नावच मुळी आरंभ असे आहे! अक्षरओळख झालेले मूल पुस्तक वाचावयास समर्थ होते. त्याने सारे ग्रंथ वाचले असे कोणी म्हणत नाही. काळा पट्टाही तसाच. आता हा विद्यार्थी खऱ्या अर्थाने शिकण्यास योग्य झाला, एवढेच तो सांगतो. त्यापुढे दुसरे दान, तिसरे दान अशा पायऱ्या असतात. कोदोकानच्या पद्धतीत सहाव्यापासून आठव्या दानापर्यंत तांबडा-पांढरा आणि नवव्या व दहाव्या दानाला तांबडा पट्टा बांधता येतो.

कोदोकानची कीर्ती हळूहळू पसरली. पोलीसदलाने भरविलेल्या सामन्यांत कानोंच्या शिष्यांनी जुन्या घराण्यांच्या बलाढ्य मल्लांना जिंकले. परंतु स्वतः कानो आयुष्यभर शिक्षकच राहिले. १८८९ मध्ये सरकारने त्यांना युरोपातील शिक्षणपद्धती पाहण्यास पाठविले. परतीच्या प्रवासातील एक हकीकत सांगतात. जहाजावर एका धिप्पाड परदेशी प्रवाशाने त्यांच्याशी कुस्ती खेळण्याचा आग्रह धरला. कानोंनी त्याला उचलून टाकले. परंतु तो डोक्यावर आपटणार असे दिसताच त्याच्या डोक्याखाली आपला हात घातला. पाहणाऱ्यांना त्यांच्या डावाचे जितके आश्चर्य वाटले, त्याहून अधिक त्या हाताचे वाटले. लहानपणी ज्याला दांडग्यांनी पाडले, तो मोठेपणी दुसऱ्याला पाडतानाही सांभाळीत होता.

१८९३ साली ते तोक्योच्या उच्च शिक्षक-महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मधला थोडा काळ सोडला तर १९२० पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. देशभरच्या शाळांना शिक्षक पुरविणारी ही संस्था होती. तेथील विद्यार्थ्यांना त्यांनी पोहणे, धावणे, व्यायाम यांची गोडी लावली. चीनमधून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वेगळी शाळा चालविली. चीनचे श्रेष्ठ साहित्यिक लू शुन हे तरुणपणी त्याच शाळेत शिकले.

१९०९ साली कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. हा मान मिळविणारे ते आशिया खंडातील पहिले गृहस्थ होत. १९१२ साली स्टॉकहोमच्या स्पर्धेत जपानने प्रथमच भाग घेतला, तेव्हा त्या पथकात खेळाडू होते अवघे दोन: धावपटू याहिको मिशिमा आणि मॅरेथॉन धावणारा शिझो कानाकुरी. मिशिमा मागे पडला. कानाकुरी कडक उन्हाने वाटेतच गळाला. पदक एकही मिळाले नाही. परंतु पांढऱ्या पट्ट्यावाचून काळा पट्टा नाही, हे जाणणाऱ्या कानोंना त्यात लाज वाटली नाही. आठ वर्षांनी अँटवर्पच्या स्पर्धेत जपानला टेनिसमध्ये पहिली पदके मिळाली.

कानोंचे शिष्य देशोदेशी गेले. योशित्सुगु यामाशिता यांनी १९०४ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना ज्यूदोचे धडे दिले. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या निमंत्रणावरून शिंझो ताकागाकी १९२९ साली शांतिनिकेतनात आले, आणि तेथील मुलामुलींना त्यांनी ज्यूदो शिकविला. आपल्या साऱ्या शिकवणीचे सार कानोंनी दोन तत्त्वांत सांगितले. आपल्या अंगचे बळ व बुद्धी व्यर्थ न दवडता उत्तम कार्यासाठी वापरावी, हे पहिले. स्वतःची आणि दुसऱ्याची उन्नती एकमेकांच्या साहाय्याने साधावी, हे दुसरे. तालमीत सोबती नसेल तर कोणीही शिकू शकत नाही. म्हणून सराव सुरू करताना व संपविताना सोबत्याला वाकून नमस्कार करावयाचा.

पट्ट्याची रीतही ज्यूदोच्या बाहेर पसरली. १९२२ साली ओकिनावा बेटावरील गिचिन फुनाकोशी हे शिक्षक कराटेचे प्रयोग दाखविण्यासाठी तोक्योत आले. कानोंनी त्यांना कोदोकानात बोलावून त्यांचा सन्मान केला. दुसऱ्याची विद्या पाहून मत्सर करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. फुनाकोशींनी पांढरा वेष व पट्ट्याची पद्धत त्यांच्याकडून घेतली, आणि १९२४ साली कराटेतील पहिले काळे पट्टे दिले. इकडे युरोपात नवशिक्यांचा उत्साह टिकावा म्हणून पांढऱ्या व काळ्याच्या मधल्या पायऱ्यांना निरनिराळे रंग देण्याची रीत सुरू झाली. लंडनमध्ये १९२० नंतरच्या दशकातच असे पट्टे दिसू लागले. आणि पॅरिसमध्ये ज्यूदो शिकविणारे मिकिनोसुके कावाइशी यांनी १९३५ नंतर पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा व तपकिरी हा क्रम चांगलाच रूढ केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर कोरियात जी तायक्वांदो विद्या उदयास आली, तिच्या कित्येक आरंभीच्या शिक्षकांनी जपानमध्ये कराटे शिकले होते. त्यांच्याबरोबर पट्टेही कोरियात गेले. तेथे चोई हाँग-ही यांनी रंगांना रोपट्याच्या वाढीचा सुंदर अर्थ दिला. पांढरा म्हणजे अजून काहीच न शिकलेले निर्मळ मन. पिवळा म्हणजे बी रुजते ती माती. हिरवा म्हणजे वर येणारे रोप. निळा म्हणजे झाड ज्याकडे झेपावते ते आकाश. तांबडा म्हणजे धोक्याची खूण. आता अंगी बळ आले आहे, तेव्हा स्वतःला आवर, असे तो सांगतो. काळा हा पांढऱ्याच्या उलट; तो परिपक्वतेचा आणि निर्भयतेचा रंग. सर्व संस्थांत रंगांचा क्रम एकसारखा नसतो. परंतु रंग कोणताही असला तरी तो पायरी दाखवितो, हा कानोंचा मूळ विचार सर्वत्र कायम आहे.

कानोंच्या आयुष्याची अखेरची वर्षे चिंतेत गेली. १९४० ची ऑलिंपिक स्पर्धा तोक्योत भरावी म्हणून त्यांनी अविश्रांत खटपट केली, आणि १९३६ साली तसा निर्णयही झाला. परंतु १९३७ मध्ये जपान व चीन यांच्यात युद्ध पेटले. ज्या चीनच्या विद्यार्थ्यांना त्यांनी आपल्या शाळेत शिकविले होते, त्याच चीनवर त्यांच्या देशाच्या फौजा चालून गेल्या. १९३८ च्या मार्च महिन्यात सत्त्याहत्तर वर्षांचे कानो कैरो येथील सभेस गेले. तेथून अमेरिकामार्गे परतताना, ४ मे १९३८ रोजी, मायभूमी काही दिवसांच्या वाटेवर असताना, हिकावा मारू या जहाजावर न्यूमोनियाने त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी जपानने ती स्पर्धा सोडून दिली.

परंतु त्यांचे काम संपले नव्हते. १९६४ साली तोक्योत ऑलिंपिक स्पर्धा भरली आणि तीत ज्यूदोचा प्रथमच समावेश झाला. खुल्या वजनगटाच्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या अँटन गेसिंक याने जपानच्या आकिओ कामिनागाला हरविले. सारे प्रेक्षागृह स्तब्ध झाले. गेसिंकचे देशबांधव आनंदाने चटईकडे धावले, तेव्हा त्याने हात वर करून त्यांना थांबविले. प्रथम त्याने प्रतिस्पर्ध्याला विधिपूर्वक नमस्कार केला. परदेशी माणसाने सुवर्णपदक नेले, याचे त्या दिवशी जपानला दुःख झाले असेल. परंतु कानोंची खरी शिकवण त्या परदेशी माणसाने आत्मसात केली आहे, हेही त्याच दिवशी सर्वांना दिसले.

त्याच स्पर्धेच्या वेळी ज्यूदोचे प्रयोग दाखविणाऱ्यांत केइको फुकुदा नावाची एक स्त्री होती. कानोंचे पहिले गुरू हाचिनोसुके फुकुदा यांची ती नात. १९३५ साली वृद्ध कानोंनी तिला स्वतः बोलावून ज्यूदो शिकण्यास सांगितले होते. गुरूचे ऋण त्यांनी असे फेडले. चणीने ती कानोंहूनही लहान होती. १९५३ साली तिला पाचवे दान मिळाले. त्यापुढे स्त्रियांना बढती द्यावयाची नाही अशी तेव्हाची प्रथा होती. पायऱ्या बांधल्या होत्या सर्वांसाठी, पण तिच्यापुरती वाट अडविली होती. हा अन्याय होता. तथापि तिने सराव सोडला नाही की शिकविणे सोडले नाही. पुढे लोकांनी आवाज उठविला, आणि १९७२ साली तिला सहावे दान मिळाले. २००६ मध्ये कोदोकानने तिला नववे दान दिले, आणि २०११ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेतील ज्यूदो संघटनेने दहावे. २०१३ मध्ये ती निवर्तली, तोवर तिचे शिकविणे चालूच होते. जवळजवळ वीस वर्षे तिच्या पट्ट्यावर नवी श्रेणी चढली नव्हती. परंतु तिचे शिकणे त्यामुळे थांबले नाही. पट्टा हा विद्येची खूण आहे, विद्या नव्हे, हे तिच्या आयुष्याने दाखवून दिले.

दांडग्या मुलांच्या भीतीने कोपऱ्यात बसणारा एक मुलगा बळ शोधावयास निघाला आणि शेवटी जगाला विनय शिकवून गेला. पटांगणावर पहिल्या दिवशी कमरेला पांढरा पट्टा बांधणारे मूल त्याच वाटेवर पहिले पाऊल टाकीत असते. पुढे कधी त्याच्या कमरेला काळा पट्टा आला, तर शिकणे संपले असे त्याने मानू नये. त्या दिवशी त्याचे शिकणे नव्याने सुरू होते, आणि मागच्या ओळीतील पांढऱ्या पट्ट्याच्या मुलाला सांभाळण्याचे कामही त्याच दिवसापासून त्याचे होते.